गुंबद-ए-काबूसची एक दिवसाची सहल: साडेतीन तारे

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. ही सहल चालवणारा पोरगा चार वर्षं कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. पुण्यात बी.कॉम. केलं. भाडं पाच तारखेच्या आत, कधी चुकलं नाही. आता तो आपल्या गावी, इराणातल्या गोरगानला, मावसभावाच्या गाडीवर पाहुणे फिरवतो. पाटी नाही, ऑफिस नाही, सगळा धंदा ओळखीपाळखीतून, म्हणून नाव देत नाही. ओळख आहे म्हणून तारे वाढवलेले नाहीत. उलट ओळख होती म्हणून दोन-तीन गोष्टी त्याच्या तोंडावर बोलता आल्या, त्याच इथे लिहितोय.

मी मूळचा कराडचा. वडिलांची कृष्णाकाठी वीटभट्टी. अक्षरं गिरवायच्या आधी मी विटा पाडायला शिकलो. पुढे पुण्यात येऊन बांधकामाचे ठेके घेतले, आता गुडघे गेल्यावर घरी बसलोय. या पोराने खोलीत एका मनोऱ्याचा, म्हणजे या गुंबद-ए-काबूसचा, भलामोठा फोटो लावला होता, चार खिळे मारून. सरळसोट, नुसत्या विटांचा, डोक्यावर टोकदार टोपी. "काका, हजार वर्षं झाली. गिलावा नाही, रंग नाही," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "गप रे. आमच्याकडे तीन पावसाळ्यांत भिंत फुगते." तो खोली सोडून गेला तेव्हा त्या चार खिळ्यांच्या भोकांचे मी डिपॉझिटमधून पाचशे रुपये कापले होते. पण मनोरा डोक्यात राहिला. आमच्या हिला इस्फहानच्या निळ्या मशिदी बघायच्या होत्या, मला एवढं एकच. ऑक्टोबरात दोन्ही जमवलं.

पैशाचं आधी. आम्हा दोघांचे मिळून ६० युरो: गाडी, पेट्रोल, तिकीट आणि दिवसभर याची बडबड धरून. जेवण वेगळं. रोख द्यायचे, कारण आपली बँकेची कार्डं इराणात चालत नाहीत. आणखी एक, जो घोळ आम्ही चार दिवस घातला: नोटेवर रियाल छापलेले असतात आणि माणसं बोलतात तोमानात. एक तोमान म्हणजे दहा रियाल. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर मनातल्या मनात एक शून्य चढवायचं. आमची ही दुसऱ्या दिवशी शिकली, मी चौथ्या.

साडेसहाला येतो म्हणाला, आला सव्वासातला. पुण्यात हाच पोरगा पाच मिनिटं आधी जिन्यात उभा असायचा. पांढरी समंद गाडी, स्वच्छ, मागे पाठीला उशी ठेवलेली (काकूंसाठी, हे त्याचं त्याने लक्षात ठेवलं होतं). एसी मात्र नावाला. ऑक्टोबरात चालून गेलं, जुलैत जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

गोरगान म्हणजे मागे एल्बुर्झचा डोंगर आणि त्यावर दाट रान. हिला सारखं चिपळूण आठवत होतं. पण शहर सोडून ईशान्येला निघालं की पाऊण तासात हिरवं मागे पडतं, जमीन पसरट होते, कापसाची शेतं लागतात. साधारण शंभर किलोमीटर. वेचणी चालू होती. वाटेत त्याने कच्च्या विटेला ‘खेश्त’ आणि भाजलेल्या विटेला ‘आजोर’ म्हणतात हे सांगितलं आणि मी लगेच वहीत लिहिलं. ज्या भाषेत दोघींना वेगवेगळे शब्द आहेत, तिथे भट्टीवाल्यांना मान असणार असा माझा अंदाज.

मग तो मनोरा दिसला. शहर अजून लांब होतं. सपाट जमिनीवर एकच रेघ उभी, गव्हाळ रंगाची. गाडीत तिघंही गप्प झालो आणि याने, बरं वाटलं, त्या वेळी काही सांगायचा प्रयत्न केला नाही. गाइड लोकांना हे जमत नाही सहसा.

आता विटेवर थोडं जास्त लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा असेल त्यांनी पुढच्या चहापाशी जावं.

मनोरा एका उंचवट्यावर आहे, भोवती बाग. उंची ५३ मीटर, बांधला १००६ साली, म्हणजे आपल्याकडे चोलांचं तंजावरचं मोठं देऊळ चढत होतं त्याच सुमाराला. तिथे ग्रॅनाइटचे दगड, इथे नुसती भाजलेली वीट, झिलई नाही की चिनी मातीची फरशी नाही. वरून पाहिला तर दहा टोकांची चांदणी: गोल भिंतीतून दहा काटकोनी धारा बाहेर आलेल्या, पायापासून छपरापर्यंत सलग. खाली व्यास १७ मीटर, वर छपराखाली साडेपंधरा. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण मीटर आत घेतलाय. टोपीचे अठराएक मीटर वजा केले तर उरलेल्या पस्तीस मीटरमध्ये हे आत घेणं मीटरमागे जेमतेम दोन सेंटिमीटर पडतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा, दोन सेंटिमीटर दहाही धारांवर सारखे, शेवटच्या थरापर्यंत सांभाळायचे म्हणजे काय. सरळ भिंतीला ओळंबा सोडून मोकळं होता येतं. इथे ओळंबा खोटा ठरतो, प्रत्येक थराला हिशेब नवा. मी खिशातली किल्ली दोऱ्याला बांधून धरून पाहिली. ही लांबून म्हणाली, "लोक बघतायत." बघू देत.

धारांच्या मधल्या दहा खणांत विटांनीच कोरल्यासारखी अक्षरं आहेत, कूफी नावाच्या जुन्या अरबी लिपीत. एक पट्टा खाली, आपल्याला मान वर करून दिसेल असा, आणि तोच मजकूर पुन्हा अगदी वर छपराखाली. तो कोण वाचणार होतं कोण जाणे. पोराने एकेका खणापुढे उभं करून अर्थ सांगितला आणि सहलीतली ही सगळ्यांत चांगली वीस मिनिटं. देवाच्या नावाने सुरुवात, मग: हा उंच महाल अमीर शम्स-उल-मआलीचा, अमीराचा मुलगा अमीर, वुश्मगीरचा मुलगा काबूस याचा. त्याने हयातीत बांधायचा हुकूम केला. चांद्र वर्ष ३९७, सौर वर्ष ३७५. बस. ‘महाल’ लिहिलंय, कबर हा शब्दच नाही. साल एकदा मुसलमानी पंचांगाने आणि एकदा जुन्या इराणी पंचांगाने. गवंड्याचं नाव नाही. ते मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

आत मोकळी पोकळी, मधे काही नाही, कबुतरं. छपरात पूर्वेला एक लहान खिडकी. इथे पोराने काबूसची काचेची शवपेटी साखळ्यांनी छताला टांगली होती आणि सकाळचं ऊन त्या खिडकीतून तिच्यावर पडायचं, ही कथा सांगितली. रंगून सांगितली, हिचे डोळे मोठे झाले. मी विचारलं, "साखळी कुठल्या कडीला?" मला तरी कडी दिसली नाही. मग त्याने कबूल केलं की ही जुन्या एका इतिहासकाराने लिहिलेली दंतकथा आहे. १८९९ मध्ये रशियन लोकांनी आत दहा मीटरहून खोल खणून पाहिलं, तेव्हाही प्रेत सापडलं नव्हतं. हे त्याने आधीच सांगायला हवं होतं. पाहुण्याला दंतकथा द्यावी, पण दंतकथेचं लेबल लावून. यासाठी पाव तारा कापला.

बाहेर समोर एक ठरावीक जागा आहे, तिथे उभं राहून टाळी वाजवली की मनोरा टाळी परत देतो. एक शाळेची सहल आली होती, त्यांनी पंधरा मिनिटं मनोऱ्याला सोडलं नाही.

आता चहा. बाकावर त्याने थर्मास काढला, रुमाल पसरला, आणि मी म्हटलं की बाबा, हा काबूस नेमका कोण ते एकदा नीट सांग, कारण येताना गाडीत तू तेरा दौला आणि सात अमीर सांगितलेस, मला एकही आठवत नाही. तेव्हा त्याने खाऊच मांडला. साखरेचे खडे म्हणजे झियारी, काबूसचं घराणं. पिस्ते म्हणजे बुवैही. खजूर म्हणजे सामानी, पूर्वेकडे बुखाऱ्याचे. आणि रिकामा पेला म्हणजे बगदादचा खलिफा. ९४५ मध्ये बुवैहींनी बगदाद घेतल्यापासून त्याच्याकडे पदव्या वाटण्यापलीकडे फारसं उरलं नव्हतं. महादजी शिंद्यांच्या काळातला दिल्लीचा बादशहा म्हणा.

पहिला खडा मर्दावीज. यानेच राज्य उभं केलं, जुन्या इराणच्या सम्राटांसारखं सिंहासनावर बसायची हौस, आणि ९३५ मध्ये इस्फहानला त्याच्याच तुर्की गुलामांनी हमामात गाठून मारलं. गंमत अशी की बुवैही भाऊ सुरुवातीला याच मर्दावीजच्या चाकरीत होते. त्याने थोरल्याला कराज नावाचा मुलूख दिला आणि तिथूनच ते फुगले. कराज ऐकल्यावर मी कान टवकारले, पण आपल्या कराडचा काही संबंध नाही. दुसरा खडा काबूसचा बाप, वुश्मगीर. या नावाचा अर्थ लावे पकडणारा. पण ९६७ मध्ये शिकारीत रानडुकराने त्यालाच मारलं. त्याच्यामागे थोरला मुलगा बिसुतून दहा वर्षं, आणि मग ९७७-७८ च्या सुमाराला काबूस.

राज्य केवढं? कास्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातली पट्टी, जुर्जान आणि तबरिस्तान. पश्चिम-दक्षिणेला रेयपर्यंत (आजच्या तेहरानपाशी) पिस्ते, पूर्वेला खुरासानात खजूर. जात्याच्या दोन तळ्यांमधला दाणा. तशात तीन पिस्त्यांचं, म्हणजे तीन बुवैही भावांचं भांडण लागलं: अदुद-उद-दौला, मुअय्यद-उद-दौला आणि फख्र-उद-दौला. पहिले दोघं एक झाले, तिसरा पळून काबूसच्या आश्रयाला आला. थोरल्याने निरोप पाठवला: भाऊ आमच्या हवाली कर, पैसे घे, मुलूख घे. काबूस नाही म्हणाला. ९८१ मध्ये फौज आली, अस्तराबादजवळ, म्हणजे आजच्या गोरगानपाशी, काबूस हरला आणि पाहुण्याला घेऊन नैशापूरला सामानी अमीरांकडे पळाला.

इथपर्यंत आलो आणि हिने गप्पांच्या नादात अदुद-उद-दौला खाऊन टाकला. "बरोबर, काकू," पोरगा म्हणाला, "तो ९८३ मध्ये मेला." मग त्याने स्वतःच मुअय्यद उचलून तोंडात टाकला: ९८४. उरला तिसरा, काबूसचा पाहुणा. रेयच्या वजिराने त्याला बोलावून गादीवर बसवलं. आता हा काय करणार? ज्याने आपल्यासाठी राज्य घालवलं त्याचं जुर्जान त्याला परत देणार, नाही का?

नाही दिलं. त्याच्या मनात होतं म्हणे, पण वजिराने अडवलं. हा वजीर साहिब इब्न अब्बाद, मोठा विद्वान, ज्याची ग्रंथसंपदा हलवायची तर चारशे उंट लागतील असं सांगत. आणि मजा बघा, काबूसचं हस्ताक्षर इतकं देखणं की ते पाहून याच साहिबाने म्हटलेलं प्रसिद्ध आहे: हे काबूसचं अक्षर की ताऊसचा पंख? ताऊस म्हणजे मोर, आपल्याला तख्त-ए-ताऊसमुळे माहीत असलेला. अक्षराला दाद दिली आणि राज्य ठेवून घेतलं. ठेकेदारीत असे भागीदार मी पाहिलेत, बिलावरच्या सहीचं कौतुक करतात आणि बिल अडकवतात.

काबूस सतरा वर्षं नैशापुरात बसून राहिला. वाचन, ज्योतिष, अरबी-फारसी कविता, पत्रं. त्याच्या काही ओळी पोराला पाठ आहेत. अरबीत म्हणून दाखवल्या आणि मग तोडक्या मराठीत अर्थ: समुद्रावर तरंगतात ती मढी, मोती तळाला जातात, आकाशात तारे किती, पण ग्रहण लागतं ते सूर्याला आणि चंद्रालाच. घालवलेल्या राज्याचं दुःख सांगायची ही तऱ्हा मला आवडली. थोडी आत्मप्रौढी आहेच, पण अमीर होता.

९९७ मध्ये फख्र-उद-दौला मेला, गादीवर लहान पोर आलं, आणि ९९८ मध्ये काबूस परत जुर्जानला. इथून पुढची पंधरा वर्षं सहलीच्या माहितीपत्रकात सोनेरी आहेत आणि काही अंशी ती होतीही. अल्बेरुनी, जो पुढे गझनीच्या महमूदामागोमाग हिंदुस्थानात आला आणि आपल्याबद्दल एवढं लिहून गेला, तो त्याआधी याच्या दरबारात होता. जगातल्या लोकांच्या पंचांगांवरचा आपला मोठा ग्रंथ त्याने १००० च्या आसपास काबूसलाच अर्पण केला. मनोऱ्यावर दोन पंचांगांतली सालं का, याचा मला तिथे बसल्या बसल्या थोडा उलगडा झाला. १००३ मध्ये अल्बेरुनीने जुर्जानमधून दोन चंद्रग्रहणं पाहिली, फेब्रुवारीत एक आणि ऑगस्टमध्ये एक. कवितेतलं ग्रहण आणि दुर्बिणीच्या सहाशे वर्षं आधी गच्चीवर उभं राहून मोजलेलं ग्रहण, एकाच दरबारात. हे मी पोराला म्हणालो तर तो म्हणाला, "काका, हे मी उद्यापासून सांगणार." सांग, पण माझं नाव घे.

जेवण. तुर्कमेन लोकांचं गाव हे, बायका मोठ्या फुलाफुलांच्या शाली घेतलेल्या, गालिच्यांची दुकानं, घोड्यांच्या शर्यतींचं वेड. चेकदरमे नावाचा भात मिळतो, मटण आणि टोमॅटोच्या घट्ट रसात एकाच भांड्यात शिजवलेला, लालभडक. मसाला आपल्या मानाने काहीच नाही, पण मटण असं शिजलेलं की हाड हातात येतं. मी दोनदा घेतला. आमची ही शाकाहारी, हे त्याला चार वर्षांपासून माहीत, तरी हॉटेलात आधी कळवलं नव्हतं. शेवटी तिला तंदूरची रोटी, लोणच्यासारखं आंबट तोर्शी आणि दही. दह्याला तिकडे ‘मास्त’ म्हणतात. ती मस्त म्हणाली, वाढणाऱ्या बाईला वाटलं अजून हवंय, अजून एक वाडगा आला. बाकी पोट पिशवीतल्या भडंगावर भरलं. पाव तारा इथे गेला.

दुपारी जुन्या जुर्जान शहराचे अवशेष, मनोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर. इथे फक्त वीस मिनिटं दिली आणि ते मला पटलं नाही. मंगोलांनी शहर मोडलं, आता उकरलेले पाये, रस्त्याच्या विटा, मातीचे उंचवटे. सामान्य पाहुण्याला वीस मिनिटं पुरतील. पण राजाचा मनोरा तासभर बघायचा आणि ज्या गावाच्या जिवावर तो उभा राहिला ते गाव गाडीच्या खिडकीतून, हे उलटं झालं. खंगर विटांचा एक ढीग होता, जास्त भाजून काळ्या-हिरव्या झालेल्या, अगदी आमच्या भट्टीच्या मधल्या थरातून निघायच्या तशा. मला तिथून हलवायला ही आणि पोरगा दोघं लागले.

त्याची भरपाई त्याने न मागता केली. परतताना उत्तरेकडे वळसा घालून गोरगानच्या भिंतीचा एक तुकडा दाखवला. ही काबूसच्या पाचशे वर्षं आधीची, सासानी, म्हणजे इस्लामच्या आधीच्या इराणी राजांनी उत्तरेकडच्या टोळ्या अडवायला बांधलेली, जवळपास दोनशे किलोमीटर लांब, भाजक्या विटांची. लाल साप म्हणतात तिला. वीट जवळजवळ हातभर लांब-रुंद, आणि भिंतीच्या कडेकडेने भट्ट्याच भट्ट्या सापडल्यात. आता वर दिसायला फार नाही, गावोगावच्या घरांत गेली असणार. पण हे सहलीच्या यादीतच नाही. ते यादीत घाल आणि गालिच्याच्या दुकानातली पाऊण तासाची सक्ती काढ, असं सांगितलंय. (दुकानदाराने चहा दिला, आग्रह केला नाही. पण आम्हाला घ्यायचंच नव्हतं.)

खरी बाचाबाची परतीच्या गाडीत झाली. पोराच्या दृष्टीने काबूस म्हणजे आदर्श. पाहुण्यासाठी राज्य सोडलं, विद्वान सांभाळले, अक्षर मोरपिसासारखं. मग हिने मागून विचारलं, "इतका चांगला होता तर शेवट कसा झाला? तेवढं तू सांगितलंच नाहीस." तो थोडा गप्प झाला. मग सांगितलं, आणि ते नीट सांगितलं, त्याबद्दल पूर्ण गुण.

परत आलेला काबूस संशयी झाला होता. लहान चुकीला डोकं उडवायचा. नईम नावाच्या त्याच्या हाजिबावर, म्हणजे दरबारातल्या कारभाऱ्यावर, पैसे खाल्ल्याचा आळ आला. माणूस निर्दोष होता, तरी त्याला मारलं. त्यावर सैन्य बिथरलं. सरदारांनी मुलाला, मनुचिहरला, पुढे केलं: तू गादी घे नाहीतर आम्ही दुसरा बघतो. बाप-लेकांची भेट झाली, मुलगा रडला, काबूसने राज्य त्याच्या हवाली केलं आणि चिनाश्कच्या किल्ल्यात देवाचं नाव घेत बसायचं कबूल केलं. पण सरदारांना झोप येईना. हा जिवंत राहिला तर उद्या आपली पाळी. थंडीत त्याचे अंगावरचे उबदार कपडे काढून नेले. निदान घोड्याची झूल तरी द्या म्हणून तो ओरडत होता असं लिहून ठेवलंय. १०१२-१३ च्या थंडीत गोठून मेला.

त्याच सुमाराला एक तरुण वैद्य खुरासानातून गावंमागून गावं ओलांडत जुर्जानकडे निघाला होता, मुद्दाम काबूसकडे आश्रय मागायला. पोचेपर्यंत काबूस कैद होऊन मेलेला. तो वैद्य इब्न सीना. त्याने स्वतःच्या आयुष्याच्या हकिगतीत हे लिहिलंय.

आणि काबूसचा नातू कैकाऊस, ज्याने १०८२ मध्ये आपल्या मुलाला उपदेश म्हणून काबूसनामा लिहिला, तो आजोबाबद्दल काही झाकत नाही. कैदेत नेताना काबूसने एका माणसाला विचारलं, हे कशामुळे झालं? तो म्हणाला, तुम्ही फार माणसं मारलीत म्हणून. काबूस म्हणाला, चूक, कमी मारली म्हणून. तुला आणि त्या पाच जणांना मारलं असतं तर हे झालं नसतं. हे सांगताना पोरगा कसनुसं हसला. ही म्हणाली, "म्हणजे पाहुण्याला दिलेला शब्द पाळला आणि घरच्या नोकराचा जीव घेतला." तो म्हणाला, "काकू, सतरा वर्षं परक्याच्या दारात काढल्यावर माणूस तोच राहतो का?" ती म्हणाली, "नईमच्या बायकोला जाऊन सांग हे." मग गोरगान येईपर्यंत कुणी बोललं नाही. मी मधे पडलो नाही. मला दोघांचंही पटत होतं आणि माझं लक्ष अजून त्या दोन सेंटिमीटरमध्ये होतं: हा मनोरा १००६ ला, म्हणजे मरायच्या सहा वर्षं आधी, त्याने हयातीत बांधून घेतला. संशयी, चिडका धनी साइटवर येऊन उभा राहायचा असेल, आणि परांचीवरच्या गवंड्याचा हात तरी एका थरालाही हललेला नाही.

चिनाश्क मीनूदश्तकडच्या डोंगरात आहे. मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं की तिकडे जाऊ. "रस्ता वाईट, काका, बघायला काही नाही, पाहुणे कंटाळतात." माझं म्हणणं, मनोरा दाखवतोस तर किल्लाही दाखव. जिथे अक्षरं कोरली तेवढंच नको, जिथे झूल मागितली तेही. अर्धा तारा तिथे गेला, आणि उशिराचा, एसीचा आणि गालिच्याचा मिळून अर्धा. असे साडेतीन.

जाणाऱ्यांसाठी: बूट घाला, उंचवट्यावर चढ आहे. सकाळी लवकर जा, नऊच्या आधी पूर्वेकडची बाजू सोन्यासारखी दिसते, साडेदहानंतर ऊन सपाट होतं. शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी तीनदा सांगा. बायकांनी डोक्याला रुमाल न्यावा. मान दुखत असेल तर वरच्या पट्ट्याची अक्षरं बघायला छोटी दुर्बीण न्या, आम्ही नेली नाही.

चिनाश्क धरून दोन दिवसांचा बेत केलास तर अर्धा तारा वाढवतो, असं त्याला परवा कळवलं. उत्तर आलं: "काका, आणि खिळ्यांचे पाचशे?"